चारचौघांत

ज्योतीराम नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते. कासारवाडीतल्या पहिल्याच सभेत त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, स्टेजवर जाऊन पदरानं त्यांचा घाम पुसला. प्रचार सांभाळणारे हिंदुराव तिथंच डाफरले, "वहिनी, चारचौघांत असलं बरं दिसत न्हाई. मतं जातील!"

तेव्हापासून यशोदाबाई प्रत्येक सभेत लांब, बायकांच्या घोळक्यात बसू लागल्या.

निकाल लागला. ज्योतीराम पडले. चौकात विरोधकांचा गुलाल उधळत होता. हिंदुराव खालच्या आवाजात म्हणाले, "मागच्या गल्लीनं घरी जाऊ."

यशोदाबाई नवऱ्याचा हात धरून थेट चौकात शिरल्या. मधोमध थांबून त्यांनी पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"वहिनी, लोक बघत्यात!"

 

"बघू द्या की, भाऊजी. मतं मोजून झाली."