बरणीतला व्हायरस

"सांगून राह्यलो ते कोणीच मानणार नाही," रंगरावांनी तोंडाला फडकं बांधलेली लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली. "पण व्हायरस म्या हातानं पकडला. अन् याच्यात भरला."

चिखलीच्या त्या हॉलमध्ये चार दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारे चौघे बसले होते. दर महिन्याला बसायचे. कोणाकडे काय घुसलं ते सांगायचं, म्हणजे बाकीचे वाचतात, हा नियम रंगरावांचाच. पाच वर्षांच्या वहीत मात्र सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द होता: निरंक. आजही वही फिरली. रंगरावांनी आपली ओळ कोरी सोडली. गार्गीनं निरंक लिहून सही ठोकली.

बुलढाण्याला तिच्या दवाखान्यातलं एकूण एक मशीन व्हायरसनं कालपासून कुलूपबंद केलं होतं. मागितलेले पैसे भरले नाहीत तर आज सहाला आतलं सगळं पुसलं जाणार होतं, तीन हजार पेशंटांचे रिपोर्ट. बाहेर अवाक्षर गेलं तर घरी बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भिंतीवर दोन वाजले होते.

"मेल आली," रंगराव म्हणाले. "विषय काय, त 'निरंक अहवालाचा सुधारित नमुना'. आता आपल्यासारख्यानं ते न उघडून जमन काय?"

कोणी हसलं नाही. नीळकंठ आपल्या चहात पाहू लागला.

"उघडली, अन् मक्यावर लष्करी अळी पडावी तसा फायली खात सुटला! एक्सरेतून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात. म्या वायर उपटली, त हा टोकाले लटकलेला. वीतभर. वरून मिशा."

"मिशा?" मयुरीनं विचारलं.

"पांढऱ्या. माह्यापेक्षा दाट. शेपूट धरून आपटला, तवा कुठं कुलपाची किल्ली दिली. आता आमचं सारं खुलं आहे. किल्ली पाहिजे काय कोणाले?"

गार्गीची नजर बरणीवरून हलेना. "आमच्याकडे तसं काही नाही, काका," ती म्हणाली.

"आमचंबी निरंक," नीळकंठ म्हणाला.

"मंग राहू द्या." रंगरावांनी बरणी स्वतःकडे ओढली. "तसा गरीब होता बिचारा. स्क्रीनवर हिरवंगार घड्याळ लावलं, अन् मुदत किती, त पुरे सात दिवस! म्हणे, जेवून घ्या, झोपून घ्या, घाई काऊन करता..."

"खोटं!" गार्गी खुर्ची सरकवून उभी राहिली. "हिरवं कुठलं? लालभडक असतं. आणि सात दिवस नाही, एकच दिवस देतं! आज सहाला संपतंय!"

गार्गीनं तोंडावर हात ठेवला.

"आमचं साडेसातले," नीळकंठ हळूच म्हणाला, आणि एवढा मोठा श्वास सोडला की वहीचं पान उलटलं.

रंगरावांनी फडकं सोडून बरणी उपडी केली. तीन पेनड्राइव्ह खडखडत टेबलावर पडले. "पुण्याच्या एका पोरीनं केली हे किल्ली. घंटाभराचं काम आहे. जीप पकड, पोरी. पोचली की फोन लाव, कशी चालवाची ते सांगतो."

"आणि डॉक्टर?"

"त्यायले म्हणा, रंगरावनं खोटं बोलून काढून घेतलं."

गार्गी दारापर्यंत धावली, तशीच मागे आली, आणि वहीतल्या निरंकवर आडवी रेघ मारली. पेन खाली ठेवायच्या आत नीळकंठानं ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

मयुरी रिकाम्या बरणीत वाकून पाहत होती.

"म्हणजे काका, मिशाबी खोट्याच!"