सडक्या अंड्याचा वास

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालच्या प्रात्यक्षिक परीक्षेची. शेवटची तुकडी, दुपारचे चार.

प्रयोगशाळेत वीस मुली आपापल्या क्षाराशी झगडत होत्या. प्रत्येकीपुढे कागदाची एक पुडी, पुडीत चिमूटभर पांढरी पूड, आणि ती कशाची हे तिने ओळखायचं. पुड्या बांधल्या होत्या प्रयोगशाळेच्या मामांनी. चौदा नंबरची पुडी त्यांच्याच मुलीला आली होती. शाळेत बाबा म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून तीही त्यांना मामाच म्हणे, आणि मैत्रिणी तिला ‘मामेबहीण’ म्हणून चिडवत.

मामांचं नाक शाळेत प्रसिद्ध होतं. वाफांनी बरण्यांची लेबलं खाऊन टाकली तरी त्यांचं अडत नसे. चिमूटभर पुडीवर आम्लाचा थेंब टाकायचा, हुंगायचं आणि नाव सांगायचं. तीस वर्षांत एक चूक नाही. पण त्या हिवाळ्यातल्या तापात त्यांचं नाक गेलं, ते परत आलं नव्हतं. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नव्हतं. नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि वास न येणाऱ्या माणसाला वायूंच्या खोलीत कोण ठेवणार? यंदा त्यांनी बरण्या कपाटातल्या जागेवरून ओळखल्या. सुट्टीत कपाट रंगवणाऱ्याने त्या होत्या तशाच परत ठेवल्या असतील, असं ते धरून चालले.

बाहेरगावचे परीक्षक मुलीच्या टेबलाशी आले. आधी तोंडी प्रश्न. ऑक्सिजन पहिल्यांदा कोणाला मिळाला? ती म्हणाली, शेलेला. पण त्याचं पुस्तक छापायला उशीर झाला, तोवर प्रिस्टलीने जाहीर करून टाकलं होतं. परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पुढे काय शिकणार, असं विचारलं. रसायनशास्त्रच, ती म्हणाली. तोंडी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. शिष्यवृत्तीला लागणारे बाकीचे गुण त्या पुडीत होते.

तिने उत्तर लिहिलं होतं, झिंक सल्फाइड. परीक्षकांच्या यादीत चौदा नंबरपुढे झिंक कार्बोनेट होतं.

त्यांनी विचारलं, हे सल्फाइड कुठून काढलंस? ती म्हणाली, आम्ल टाकल्यावर सडक्या अंड्याचा वास आला आणि शिशाचा कागद काळा पडला. परीक्षक हसले. व्हरांड्यात सकाळपासून त्याच वायूचं, हायड्रोजन सल्फाइडचं, यंत्र चालू आहे, म्हणाले. इथे भिंतींनाही सडकी अंडी लागलीत, कागद तर पेटीतच काळे होतायत. तिने उरलेली पूड नळीत टाकून पुन्हा आम्ल ओतलं. बुडबुडे आले. बुडबुडे कार्बोनेटलाही येतात, फक्त त्यांना वास नसतो, परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी नळी हुंगली. या वायूची खोडच अशी की फार वेळ हुंगला तर नाक बधिर होतं, आणि परीक्षक सकाळी आठपासून हुंगत होते. त्यांना काही कळेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मात्र रुमाल नाकाला लावला.

तेवढ्यात मामा बाहेरून पाण्याची बादली घेऊन आले. रसायनाच्या बाईंना मुलीचं बरोबर असावं असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, मामांना विचारा, ते आत्ता मोकळ्या हवेतून आलेत.

परीक्षकांनी नळी मामांच्या हातात दिली. नळी कोणाची, हे मामांनी पाहिलं होतं. चौदा नंबर म्हणजे कार्बोनेट, ते त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं होतं. मुलीसाठी खोटं बोलायचं नाही, इतकंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी नळी मिशीला टेकवली आणि तीस वर्षं घेतला तसा खोल श्वास घेतला.

"नाही, साहेब. वास नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. हाताच्या अंतरावर तिला घाण वास येत होता. यांना वास येत नाही, एवढं एक वाक्य बोललं की झालं असतं.

"चुकले मी, सर," ती म्हणाली. "तो व्हरांड्यातलाच वास असेल."

तिने कागद पुढे ओढला आणि उत्तरावर काट मारली. बाई परीक्षकांच्या कानाशी कुजबुजल्या, ही त्यांचीच मुलगी. परीक्षकांनी मामांचा हात हातात घेऊन दाबला.

दुसऱ्या दिवशी मामा घंटेच्या आधी एकटेच प्रयोगशाळेत गेले. शिशाच्या कागदांची नवी पेटी फोडून त्यांनी झिंकच्या दोन्ही बरण्यांतली पूड तपासली. कार्बोनेटच्या जागेवरच्या पुडीने कागद काळा पडला. गुणपत्रकं पहाटेच्या गाडीने गेली होती. त्यांनी बरण्यांना नवी लेबलं चिकटवली. रात्री जेवताना, ताटावरची नजर न उचलता, ते म्हणाले, "आज कपाट नीट लावलं."

"बरं झालं, बाबा," मुलगी म्हणाली.

परीक्षक पुढे विद्यापीठात मोठ्या पदावर गेले. बाई मुख्याध्यापिका झाल्या. मुलीची शिष्यवृत्ती सहा गुणांनी हुकली. ती टपालखात्यात लागली आणि तेहतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली.

मामा दोन वर्षांनी मानाने निवृत्त झाले. निरोपसमारंभात बाईंनी भाषण केलं. या माणसाने पोटच्या मुलीचीसुद्धा बाजू घेतली नाही, हे त्यांनी सांगितलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावर मामांनी हात जोडून मान खाली घातली. हळूहळू सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेत मुलगी एकटीच वाजवत राहिली, आणि ती थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.