तारमास्तरांचं बोट

"एकदा सुरू झाला की थांबतच नाही हा मेला!" बटणाला जोडलेल्या भोंग्याची कर्कश पिंऽऽ ऐकून तारमास्तरांच्या लेकीने त्याची वायर उपसली आणि ती पुन्हा लॅपटॉपसमोर बसली.

तिची सगळी उमर शिवणयंत्रावर गेलेली. संगणक महिन्यापूर्वीपर्यंत तिच्या गावीही नव्हता. पण पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, एवढंच तर काम होतं. तुकडे जोडणं तिला नवं नव्हतं. 'बटण दाबलं तर'च्या पोटात तिने 'आवाज कर' बसवला होता. 'नाहीतर' रिकामाच होता. तिथे 'आवाज बंद' डकवलं. बटण दाबलं, सोडलं. पिं. गप्प.

"बाबा, जमलं!"

पलंगावर बाबांनी डोळे मिचकावले. अर्धांगवायूने वाचा गेली होती. हलायचं ते उजव्या हाताचं एकच बोट. नोकरी तारघरातली. सारी गल्ली त्यांना तारमास्तर म्हणायची. "तारेचं कट्ट कडकट्ट करून दाखवा ना," असं पोरं मागे लागली की ते हसून म्हणत, "सरकारी काम आहे, घरी नाही करायचं."

दादाला हे सगळं खूळ वाटत होतं. "त्यांना काही कळत नाही गं. एक तारखेला वृद्धांच्या संस्थेत जागा मिळतेय. तू एकटी किती मरशील?"

"कळतं त्यांना. या बटणावर तारेच्या भाषेत बोलून दाखवतील."

"आणि नाही बोलले तर?"

"तर घेऊन जा. मी आडवी येणार नाही."

पहिले दोन दिवस पडद्यावर नुसत्या रेघा उमटल्या. बोट जड, बटण सुटायलाच वेळ लागे. पाव सेकंदाच्या वर दाबलं की रेघ, त्याहून कमी की टिंब, असं तिने ठोकळ्यात लिहिलं होतं. ते तिने पूर्ण सेकंद केलं. मग टिंबंही येऊ लागली. पण जुळणाऱ्या अक्षरांना ना शेंडा ना बुडखा.

"हात विसरलाय, बाबा, डोकं नाही," ती म्हणायची. तिला स्वतःला काही येत नव्हतं, म्हणून मोर्स लिपीतल्या टिंब-रेघांचा तक्ता तिने समोरच्या भिंतीवर चिकटवला होता. ती शिवत बसे, बाबा तक्त्याकडे बघत पडत. संध्याकाळी पुन्हा बटण, पुन्हा चुका, पुन्हा पहिल्यापासून.

विसाव्या दिवशी रोमन अक्षरांत 'पाणी' उमटलं. तिच्या हातातला पेला निम्मा वाटेतच सांडला.

तीस तारखेला दादा आला. खुर्ची ओढून पलंगाशी बसला. म्हणाला, "बाबा, काय सांगायचं ते सांगा."

बोट हललं. लेक एकेक अक्षर कागदावर उतरवत गेली. दादा वाचत गेला. अर्धा तास लागला.

"मी... तारमास्तर... नव्हतो," दादाने वाचलं आणि बहिणीकडे बघितलं.

बोट थांबलं नव्हतं.

"शिपाई होतो. हे आत्ता शिकलो."