जुना भुसा

दर रविवारी बाबा हॅमस्टरचा पिंजरा घासून लख्ख करायचे. भुसा, कागदाचे कपटे, सगळं कचऱ्यात. तरी हॅमस्टर चाकावर जीव तोडून पळायचा. शेवटी त्याचे पंजे सोलवटले, तेव्हा बाबा पिंजरा आणि लेकीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"याचं घरटं कोण फेकतं?" लख्ख पिंजरा बघून बाईंनी विचारलं.

"मीच. स्वच्छता नको का?" बाबा जरा तोऱ्यातच म्हणाले.

"त्याच्या वासाचं थोडं जुनं ठेवत जा. नाहीतर दर आठवड्याला परक्या घरात आल्यासारखं वाटतं त्याला. भेदरून पळत सुटतो बिचारा."

बाबा ओशाळले.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, मग तुमच्या पुढच्या बदलीला गाव सोडताना माझंही थोडं जुनं राहू द्याल? मागच्या तिन्ही वेळा तुम्ही सगळं टाकलंत."

पिंजरा उचलताना बाबांना तिच्याकडे बघवेना.