जास्तीचं प्रथिन

यंत्राने दुधाचे आकडे दाखवले आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. साखर बरोबर, स्निग्धांशही बरोबर. प्रथिनं मात्र आजही जास्त.

"सापडला का चोर?" दारातून जाता जाता बालरोग विभागाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"सापडेल," बाई म्हणाल्या. "जातोय कुठे?"

बाईंची उभी हयात बाजारातल्या दुधाची भेसळ पकडण्यात गेली होती. त्यांना नुसतं पाहिलं तरी दूधवाले गल्ली बदलायचे. निवृत्त झाल्यावर इस्पितळाने त्यांना आईच्या दुधाच्या पेढीवर आणून बसवलं. ज्या आयांना दूध जास्त येतं त्यांनी ते द्यायचं आणि ज्या बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांना ते पाजायचं. सगळं फुकट. फुकटात कोण कशाला भेसळ करेल? पण दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर पाणीसुद्धा फुंकायच्या.

आणि आजचं दूध जिचं होतं ती चष्मेवाली त्यांना पहिल्यापासून खटकली होती. सकाळी यायची, मान खाली घालून बाटली द्यायची आणि लगेच निघायचं सोडून बाहेर बाकावर रेंगाळायची. बाळ सहा महिन्यांचं आहे, घरी आजीपाशी असतं, याच्यापुढे एक अक्षर बोलायची नाही. बाळाचं लसीचं कार्ड रोज विसरायची. रक्ताच्या तपासण्या तेवढ्या स्वच्छ होत्या.

सहा महिन्यांचं बाळ असलेल्या आईच्या दुधात एवढी प्रथिनं? बाजारात असा आकडा आला की बाई बाकी काही न बघता सांगायच्या, पावडर घातलीय!

गोष्ट साधी नव्हती. आत काचेच्या पेटीत 'वाटाणा' होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या त्या पोराला कुणीतरी टॉवेलात गुंडाळून इस्पितळाच्या दारात सोडून गेलं होतं. नर्सनीच त्याला हे नाव दिलं. एकदा पावडरचं दूध दिलं तर पोट फुगून पोर मरता मरता वाचलं. सध्या पेढीत नेमाने दूध आणणारी ही एकटी चष्मेवालीच. तिचं दूध खोटं निघालं तर वाटाण्याचं काही खरं नव्हतं, आणि खरं असूनही परत केलं तर तो उपाशी राहणार होता. बाईंचा जीव टांगणीला लागला.

त्यांनी आयोडीनचा थेंब टाकून पाहिला. दूध निळं झालं नाही, म्हणजे पीठ नव्हतं. गाईच्या दुधातलं प्रथिन ओळखणारी पट्टी बुडवली. तीही कोरीच राहिली.

"उद्यापासून घरून आणायचं नाही," बाईंनी फर्मावलं. "इथे बसून काढायचं, माझ्यासमोर."

"चालेल," चष्मेवाली म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की बाईंचा संशय आणखी बळावला.

दुसऱ्या दिवशी ती पंप घेऊन पडद्याआड बसली. बाई पडद्याला डोळा लावूनच होत्या.

"नियम कडक वाटत असतील," बाई म्हणाल्या. "पण आत ते लेकरू आहे ना, त्याला आता कुणी फसवायला नको. जिने जन्म दिला तिनेच फसवलंय, तेवढं पुरे."

"ती सापडली तर?"

"तोंड बघणार नाही मी तिचं! अहो, मांजरसुद्धा पिल्लू तोंडात धरून सात घरं फिरवते. टाकून देत नाही."

चष्मेवालीने बाटली पुढे केली. "भरली."

ते दूध तिथल्या तिथे यंत्रात गेलं. प्रथिनं तेवढीच निघाली. बाई चक्रावल्या आणि थेट डॉक्टरांकडे गेल्या.

"बाई, हे बाजारातलं दूध नव्हे," डॉक्टर हसले. "प्रथिनं म्हणजे अंगाच्या विटा. दिवस न भरलेल्या बाळाचं बरंच बांधकाम बाकी असतं, म्हणून अशा आईच्या दुधात ती जास्त उतरतात. तीही सुरुवातीचे काही आठवडेच. आपल्या वाटाण्याला हेच दूध हवं होतं."

"पण तिचं बाळ तर सहा महिन्यांचं आहे!"

"मग ती खोटं बोलतेय. दूध खरं बोलतंय."

बाई खुर्चीत बसल्या. घरी सहा महिन्यांचं बाळ नाही. कार्ड नाही. दिवस भरायच्या आत झालेलं मूल, आणि दूध मात्र रोज दुसऱ्याच्या लेकराला. त्यांना सगळं उमगलं आणि स्वतःच्या पट्ट्यांची, पडद्याची, सगळ्याचीच लाज वाटली. पाळणा रिकामा झालेल्या बाईवर आपण पाळत ठेवली!

सकाळी चष्मेवाली आली तेव्हा बाईंनी यंत्राकडे पाहिलंही नाही. तिला शेजारी बसवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"मला कळलंय," त्या हळूच म्हणाल्या. "बाळ नाहीये ना आता तुमच्याजवळ?"

चष्मेवालीने मान हलवली. "नाही."

"मला माफ करा हो. उगीच छळलं तुम्हाला. एवढं दुःख पोटात ठेवून परक्याच्या पोराला जगवताय तुम्ही. सगळं दूध त्यालाच जातं बरं का. आता अंग धरलंय त्याने. रडतोही चांगला खणखणीत."

चष्मेवालीने चष्मा काढला. डोळे पुसायचा प्रयत्न केला, पण पाणी काही थांबेना. मग बाईंकडे न बघताच तिने विचारलं, "आणि झोपताना अजूनही उजवा कान मुठीत धरूनच झोपतो का हो तो?"