काढ्याचं भांडं
हे लिहिणारच नव्हतो, कारण यात घड्याळवाल्याची अब्रू जाते. जुनाट थकव्यानं त्याच्या शेजारचा टेलर दोन वर्षं पिळून निघालेला. त्याच्या दुकानाचं शटर रोज घड्याळवालाच उचलायचा. टेलरनं चिनी वैद्य गाठला, सुया टोचून घेतल्या, मातीच्या भांड्यात कडू मुळ्या उकळून प्यायला लागला. हळूहळू तरतरी आली. एका सकाळी शटर त्यानं स्वतःच उचललं. "वैद्याची कमाल!" टेलर हरखला. घड्याळवाल्याच्या पोटात दुखलं. दुपारी त्यानं ते भांडंच आपल्या कपाटात दडवलं. तीन दिवसांनी टेलर भिंतीला धरून आला. "गड्या, भांडं हरवलं. धातूचं चालत नाही. तुझ्याकडे मातीचं काही आहे?" घड्याळवाल्यानं कपाट उघडलं. टेलरनं आपलं भांडं ओळखलं. "शटर तुलाच उचलायचं होतं, तर सांगायचंस की, वेड्या!" "उद्यापासून तूच उचल," घड्याळवाला म्हणाला, "काढा मी उकळून देईन. रोज."