दाराजवळची ओळ

"पाणी घालायला विसरलीस, असं सरळ सांग ना!" मॅडमनी संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं.

"नाही विसरले, मॅडम. एकदाही नाही," विद्यार्थिनी म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी मात्र केव्हाच पळालं होतं.

त्या औषधी झाडाची एक तऱ्हा होती. ताण पडला की त्याच्या मुळात औषध वाढायचं. ताणाची वर्दी आत पोचवणारी काइनेज जनुकं कोणती, हे शोधायला प्रयोगशाळेत अर्धी रोपं तहानलेली ठेवली होती आणि अर्धी पाणी पिऊन सुखात. तहानलेल्यांची जनुकं जागी दिसावीत, सुखातल्यांची झोपलेली, इतका साधा हिशेब. पण पडद्यावर सुखातली रोपंही बोंब मारत होती, आणि तीही दुसऱ्यांदा.

"उद्या समितीला काय सांगू? हिला साधी कुंडी सांभाळता येत नाही, शिष्यवृत्ती बंद करा, असं?"

विद्यार्थिनीला कारण माहीत होतं. दुपारी आकडे बघताना ते लक्षात आलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करावं! पण गप्प बसावं तर इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाणार होती.

"मॅडम, सगळी रोपं नाहीत. फक्त दाराजवळची ओळ. मागची सगळी शांत आहेत."

"दारातून गार वारा येतो."

"वारा नाही. हात लागतो त्यांना. मी संध्याकाळी तपासणीसाठी पानं खुडायला जाते ना, त्याच्या जरा आधी."

मॅडम खुर्चीतून उठल्या. नुसता हात लागला तरी हे झाड धसका घेतं, हा शोध त्यांचाच. रोपघराच्या दारावर 'स्पर्श करू नये' ही पाटीही त्यांचीच, आणि ती न जुमानणाऱ्या एका सहायकाला त्यांनी तडकाफडकी घरी बसवलं होतं.

"कुणाचा हात? नाव सांग. आत्ताच्या आत्ता!"

ती अ‍ॅप्रनचं बटण पिरगाळत राहिली. बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी पंचाईत.

"तुमचा," शेवटी ती म्हणाली. "घरी जाताना तुम्ही आत जाता. मी काचेतून पाहिलंय. पानांवरून हात फिरवता."

आता ही बाई आपल्याला उभी चिरणार, याची तिला खात्रीच झाली.

मॅडम परत बसल्या. मग बोलल्या, पण आवाज भलताच हलका होता.

"समितीला सांगते, चूक माझी आहे म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "आई आता मला ओळखत नाही गं. वेणी घालायला जवळ गेले तरी किंचाळते. अंगाला हात लावू देत नाही. म्हणून घरी जायच्या आधी इथे... हात कधी पुढे जायचा, कळायचंही नाही. वाटायचं, कुणाला तरी माझा हात चालतोय."

"मॅडम, तुम्ही मुद्दाम थोडंच..."

मॅडमनी तिला हातानंच थांबवलं. पडद्यावर दाराजवळची ओळ लालभडक दिसत होती.

"म्हणजे हीसुद्धा किंचाळतच होती," त्या म्हणाल्या.